सगळे म्हणजे कोण कोण?

यरुशलेमच्या जुन्या शहराच्या तटाबाहेर, दक्षिणेच्या अंगाला एक खोरं आहे. उतारावर ऑलिव्हची झाडं, उन्हाळ्यात वाळून पिवळं पडलेलं गवत, हवा बरी असली की फिरायला आलेली माणसं. या जागेचं नाव नरक. उपमा म्हणून नव्हे. येशू ज्या नरकाची धास्ती घालतो, त्याला मूळ ग्रीक शुभवर्तमानांत ‘गेहेन्ना’ म्हटलंय आणि गेहेन्ना म्हणजे हिन्नोमचं हेच खोरं. पायी नरकात जाऊन जेवायच्या वेळेला परत येता येईल, अशी सोय दुसऱ्या कुठल्या धर्मात असेल असं वाटत नाही.

यहूदाच्या आहाज आणि मनश्शे या राजांनी आपली पोटची मुलं याच खोऱ्यात आगीत होमली, असं जुना करार सांगतो. पुढे योशिया राजाने ती जागा मुद्दाम विटाळून टाकली, पुन्हा तिथे कुणी बळी द्यायला धजू नये म्हणून. यिर्मया संदेष्ट्याने तर शापच दिला की, याला लोक कत्तलीचं खोरं म्हणतील आणि प्रेतं पुरायला इथे जागा उरणार नाही. त्यानंतर पाच-सहा शतकं गेली आणि गावाशेजारच्या खोऱ्याचं नाव मरणानंतरच्या शिक्षेचं नाव होऊन बसलं. (येशूच्या काळी शहराचा कचरा इथे जळत असायचा, म्हणून ती ‘न विझणारी आग’, असं प्रवचनांतून हमखास ऐकायला मिळतं. या माहितीचा सगळ्यात जुना आधार इ. स. १२०० च्या सुमाराचा, एका यहुदी भाष्यकाराचा. उत्खननात तसं काही हाती लागलेलं नाही.)

आता १९७९ साली काय झालं ते पाहा. याच खोऱ्याच्या कडेला, एका स्कॉटिश चर्चच्या मागे, गॅब्रिएल बार्काय हे पुरातत्त्वज्ञ जुनी थडगी खणत होते. मदतीला शाळकरी मुलं होती. त्यांतल्या एका मुलाला दगडात कोरलेल्या एका कोनाड्याची साफसफाई दिली होती. पोरगं कंटाळलं आणि हातातल्या हातोडीने तळ ठोकत बसलं. तळ फुटला. तो तळ नव्हताच, छत कोसळून जमलेला थर होता. खाली चोरांचा हात न लागलेला ठेवा होता. हाडं, मातीची भांडी, दागिने, आणि चांदीच्या पातळ पत्र्याच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या. त्या न मोडता उलगडायला तीन वर्षं लागली. मोठी उलगडल्यावर जेमतेम दहा सेंटिमीटर लांब, धाकटी चारच. त्यांवर सुईने कोरावीत तशी हिब्रू अक्षरं. वाचल्यावर कळलं की, याजकांनी लोकांना द्यायचा जो आशीर्वाद गणनेच्या पुस्तकात आहे तोच हा, देवाने तुझं रक्षण करावं, तुला शांती द्यावी अशा अर्थाचा. काळ इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकाचा शेवट किंवा सहाव्याची सुरुवात. मृत समुद्राकाठच्या प्रसिद्ध गुंडाळ्यांपेक्षा हे सुमारे चारशे वर्षांनी जुनं.

म्हणजे बायबलमधल्या मजकुराचा आज हाती असलेला सगळ्यात जुना तुकडा नरकाच्या काठावर सापडला आणि तो निघाला आशीर्वाद!

हा अर्थात योगायोग. यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण ज्या यिर्मयाने या खोऱ्याला शाप दिला, त्याच्याच पुस्तकात, एकतिसाव्या अध्यायाच्या अखेरीला, उद्याच्या यरुशलेमची हद्द आखून दिली आहे. कुठला बुरूज, कुठली वेस, कुठली टेकडी असं करत करत तो प्रेतांच्या आणि राखेच्या खोऱ्याशी येतो आणि म्हणतो, हेसुद्धा परमेश्वरासाठी पवित्र होईल. हे खोरं हिन्नोमचंच, असं बहुतेक भाष्यकार मानतात. नरकच हद्दीत घेतला! हा मात्र योगायोग नव्हे, हे लिहिणाऱ्याने जाणूनबुजून लिहिलंय.

आपला प्रश्न इथूनच सुरू होतो. शेवटी सगळ्यांचं तारण होईल, एकही जीव कायमचा हरवणार नाही, असं बायबल म्हणतं का? बहुसंख्य चर्चनी दीड हजार वर्षं दिलेलं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि त्या ‘नाही’ला पुराव्यांचा तोटा नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तसा राजा माणसांची विभागणी करतो. एका गटाला सार्वकालिक जीवन, दुसऱ्याला सार्वकालिक शिक्षा. लूकमध्ये श्रीमंत माणूस आगीत तडफडतो आहे, दारातला भिकारी लाजर अब्राहामाच्या कुशीत आहे, आणि मध्ये कुणालाच ओलांडता येणार नाही अशी दरी. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सार्वकालिक नाश आहे. प्रकटीकरणात अग्नीचं सरोवर आहे. शिवाय एक तिसराही धागा आहे, जो अलीकडे बऱ्याच अभ्यासकांना पटतो: दुष्टांचा छळ अनंतकाळ चालणार नाही, ते नष्ट होतील. येशू एके ठिकाणी शरीर आणि आत्मा या दोन्हींच्या नाशाची भाषा करतो, ती त्यांच्या पथ्यावर पडते.

ही वचनं एका बैठकीत वाचली की अंगावर येतात. पण कुणाला उद्देशून आहेत ते पाहत वाचली तर एक गंमत ध्यानात येते. नव्या करारात गेहेन्नाचं नाव बारा वेळा येतं. अकरा वेळा येशूच्या तोंडी, एकदा याकोबाच्या पत्रात. येशू हा धाक मूर्तिपूजकांना घालत नाही, रोमन शिपायांना घालत नाही. घालतो तो आपल्या शिष्यांना आणि देवधर्म चोख पाळणाऱ्या परूशांना. मेंढरं-शेरडांच्या दृष्टान्तात तर ‘तुझा विश्वास कशावर होता’ असा प्रश्नच कुणाला येत नाही. भुकेल्याला जेवू घातलंस का, तुरुंगातल्याला भेटायला गेलास का, एवढीच चौकशी. दोन्ही गट चकित होतात, कारण आपण काय केलं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. तेव्हा ‘ख्रिस्ती तेवढे स्वर्गात, बाकीचे नरकात’ असं या उताऱ्याच्या आधारे सांगणाऱ्यांनी तो पुन्हा एकदा वाचावा, हे बरं.

आणि ज्याने ख्रिस्ती धर्म परराष्ट्रीयांपर्यंत नेला, त्या पौलाच्या पत्रांत गेहेन्ना हा शब्द एकदाही नाही. कोपाची, नाशाची भाषा त्याच्याकडेही आहे. तो काही गुळगुळीत बोलणारा माणूस नव्हता. पण त्याच्या मनात मोठी मांडणी चालू झाली की तो एका शब्दावर येऊन थांबतो: सगळे. रोमकरांच्या पाचव्या अध्यायात त्याचं गणित अगदी सरळ आहे. एका माणसाच्या अपराधाने सगळे दोषी ठरले, तसंच एका माणसाच्या न्यायी कृत्याने सगळ्यांना जीवन. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पुन्हा तेच: आदामात सगळे मरतात, ख्रिस्तात सगळे जिवंत केले जातील. तिथून तो आणखी पुढे जातो. शेवटचा शत्रू मरण, तोही संपेल, आणि अखेरीस देव सर्वांमध्ये सर्व काही होईल. कलस्सैकरांच्या पत्रात आकाशातलं आणि पृथ्वीवरचं सगळं देवाशी समेट पावतं. फिलिप्पैकरांच्या पत्रात स्वर्गातले, पृथ्वीवरचे आणि पृथ्वीखालचेही गुडघे टेकतात. पृथ्वीखालचे म्हणजे मेलेलेच की!

वाद कशावर चालतो तर, या दुसऱ्या ‘सगळे’वर. पहिल्या ‘सगळे’बद्दल कुणाची तक्रार नाही, आदामाच्या पापातून कुणी सुटलेलं नाही, हे सर्वांना मान्य. दुसऱ्याची वेळ आली की एक बाजू म्हणते, ख्रिस्ताशी जोडले गेलेले तेवढे सगळे. मजकुरात त्याला थोडा आधारही आहे. पंधराव्या अध्यायात लगेच पुढे जे ख्रिस्ताचे आहेत त्यांचा वेगळा उल्लेख येतो. पण एकाच वाक्यातल्या एकाच शब्दाला अर्ध्या वाटेत कात्री लावायची, तर त्याला जास्त भक्कम कारण हवं असं मला वाटतं. पौलाला मोजून बोलता येत होतं. त्याला ‘पुष्कळ’ म्हणायचं असतं तेव्हा तो ‘पुष्कळ’ म्हणतो, ‘काही’ म्हणायचं असतं तेव्हा ‘काही’.

त्यातही मला रोमकरांचे नववा ते अकरावा हे अध्याय सगळ्यात विलक्षण वाटतात. सुरुवातीला पौल ढसाढसा रडायच्या बेतात आहे. त्याच्या स्वतःच्या यहुदी लोकांनी ख्रिस्त नाकारला. त्यांच्या बदल्यात मला शाप लागला तरी चालेल, इथपर्यंत तो येतो. मग कुंभार आणि माती, क्रोधाची भांडी आणि दयेची भांडी असा कठोर युक्तिवाद सुरू होतो. कॅल्विनच्या अनुयायांनी ‘काही निवडलेले, काही टाकलेले’ हे तत्त्व उभं केलं ते याच पानांवर. पण अध्याय तिथे संपत नाहीत. पौल पुढे चालत राहतो आणि अकराव्याच्या शेवटी म्हणतो की, देवाने सगळ्यांना आज्ञाभंगात कोंडलं ते सगळ्यांवर दया करता यावी म्हणून. एवढं लिहून झाल्यावर तो युक्तिवादच सोडून देतो आणि देवाचं मन कुणाला कळलंय, असं म्हणत स्तुती गाऊ लागतो. आपण काय लिहून बसलो हे पाहून त्याचाच श्वास अडकला असावा, असं मला दर वेळी वाटतं.

अशी टोकं जुळवत बसलं की हाती काय काय लागतं! यहूदाच्या पत्रात सदोम शहराचा दाखला आहे: सार्वकालिक अग्नीची शिक्षा कशी असते ते पाहायचं तर सदोमकडे बघा. बरं, बघू. यहेज्केलाचा सोळावा अध्याय उघडला तर देव यरुशलेमला सुनावतो आहे की, तुझी बहीण सदोम, ती आणि तिच्या मुली पूर्वस्थितीला येतील, आणि तिच्यासोबतच तूही. म्हणजे सार्वकालिक आगीचा नमुना म्हणून जे शहर बोट दाखवून सांगितलं, त्याचाच दंड फिटण्याचं वचन त्याच ग्रंथात आहे. दोन्ही पानं एकाच बायबलची, कुणी गाळलेलं नाही.

प्रकटीकरणात तर हा खेळ तीन अध्यायांत उरकतो. एकोणिसाव्यात पृथ्वीचे राजे सैन्य घेऊन देवाविरुद्ध उभे ठाकतात, मारले जातात, पाखरं त्यांचं मांस खातात. विसाव्यात अग्नीचं सरोवर. एकविसाव्यात नवी यरुशलेम उतरते आणि तिच्या वेशीतून आपलं वैभव घेऊन आत कोण येतंय? पृथ्वीचे राजे! त्या वेशी दिवसा कधीच बंद होत नाहीत आणि तिथे रात्र तर नाहीच. मग उघड्या वेशी कुणासाठी? शहराबाहेर उरलं आहे ते सरोवर. पुढच्या अध्यायात जीवनाच्या झाडाची पानं राष्ट्रांना बरं करण्यासाठी आहेत, असं येतं. सगळे बरेच असतील तर औषध कशाला? आता एवढ्यावरून निकाल लावू नये. त्याच शेवटच्या अध्यायात शहराबाहेर राहिलेल्यांची यादीही आहे, आणि ते आत येतील असं योहानाने कुठे स्पष्ट लिहिलेलं नाही. त्याने वेस तेवढी उघडी ठेवली.

हे वाचन आधुनिक मवाळ मनाचं, कुणाला दुखवू नये म्हणून शोधून काढलेलं, असा आरोप नेहमी होतो. तो मात्र टिकत नाही. तिसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा ओरिगेन हा बायबलचा पहिला मोठा अभ्यासक. पोरवयातच बापाला हौतात्म्य आलं. आपणही जायचं म्हणून हा निघाला तर आईने त्याचे कपडे लपवून ठेवले, असं इतिहासकार युसीबियस सांगतो. म्हातारपणी रोमन सम्राट देसियसच्या छळात तुरुंगात हालहाल झाले आणि त्यातून तो फारसा सावरला नाही. अशा माणसाने छळणाऱ्यांसकट सगळ्यांच्या तारणाची आशा लिहून ठेवली. देव सर्वांमध्ये सर्व काही, हे पौलाचं वाक्य त्याच्या विचाराचा कणा. शिक्षा असणार, भयंकर असणार, पण ती वैद्याची असणार, असं त्याचं म्हणणं.

त्याहून मनात घर करते ती मॅक्रिना. इ. स. ३७९. काळ्या समुद्राच्या बाजूला, पोंतस प्रांतात, नदीकाठी तिने उभा केलेला स्त्रियांचा मठ. तिचा भाऊ बेसिल नुकताच वारला आहे. धाकटा भाऊ, निस्साचा बिशप ग्रेगरी, दुःखात बुडून बहिणीला भेटायला येतो, तर तीच मरणाच्या दारात, जमिनीवर टाकलेल्या फळीवर पडलेली. रडायचं हक्काचं ठिकाण म्हणून आलेल्या या बिशपाची ती शिकवणी घेते. आत्मा म्हणजे काय, मरण म्हणजे काय, शिक्षा कशासाठी. धाप लागलेली असताना ती त्याला दोरखंडाचा दाखला देते. चिखल थापला जाऊन वाळलेला दोर बारीक भोकातून ओढून घ्यायचा. ओढणाऱ्याला दोर हवा आहे. चिखल खरवडला जाताना दोराला यातना होणारच, चिखल जितका जाड तितक्या जास्त. पण यातना देणं हा ओढणाऱ्याचा हेतू नाही. वाईटाला स्वतःचं मूळ नाही, म्हणून ते कधीतरी संपेल. चांगल्याला अंत नाही. ‘आत्मा आणि पुनरुत्थान’ या संवादात ग्रेगरीने हे सगळं बहिणीच्या तोंडी लिहिलं. शब्द तिचे किती आणि त्याचे किती, यावर अभ्यासक भांडतात. त्या पुस्तकात गुरू मात्र तीच आहे.

हा ग्रेगरी कोपऱ्यातला बंडखोर नव्हता. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेतला तो मान्यवर. रविवारी चर्चमध्ये म्हटला जाणारा विश्वासांगीकार त्याच परिषदेच्या नावाने ओळखला जातो. सैतानसुद्धा शेवटी बरा होईल असं त्याने लिहिलं, आणि तरी कुणी त्याला पाखंडी ठरवलं नाही. ७८७ च्या निकेया परिषदेत तर त्याला पित्यांचा पिता म्हटलं गेलं. अडचण झालेल्यांनी वेगळीच वाट काढली. आठव्या शतकातले कॉन्स्टँटिनोपलचे धर्माध्यक्ष जर्मानस म्हणाले की, ही वाक्यं ग्रेगरीची नव्हेत, ओरिगेनवाल्यांनी मागून घुसडली! इतका मोठा संत असं लिहीलच कसा? हस्तलिखितांत तसा पुरावा सापडत नाही.

मग पारडं फिरलं कुठे? लॅटिन जगात, मुख्यतः ऑगस्टीनच्या हातून. सगळ्यांच्या तारणाची आशा धरणारे त्याच्या काळी पुष्कळ होते, हे तो स्वतःच लिहितो. त्यांना कोमल हृदयाचे म्हणतो, कौतुकाने नव्हे. ‘देवाचं नगर’ या ग्रंथाच्या एकविसाव्या भागात त्याने टाकलेला पेच आजही बिनतोड मानला जातो. मत्तयाच्या त्या एकाच वाक्यात जीवनही सार्वकालिक आहे आणि शिक्षाही. शिक्षेला शेवट आहे म्हणाल तर स्वर्गालाही शेवट आहे म्हणा. ज्यांची बोलायची भाषाच ग्रीक होती त्यांना हा पेच एवढा अवघड वाटला नव्हता. तिथलं मूळ विशेषण ‘युग’ या शब्दावरून आलेलं, आणि युग कधी अंतहीन असतं, कधी नुसतं लांबलचक. योनाच उदाहरणाला घ्या ना. माशाच्या पोटातून तो प्रार्थना करतो की, पृथ्वीचे अडसर माझ्यावर कायमचे पडले. कायमचे म्हणजे किती? तीन दिवस. ऑगस्टीनला लहानपणी ग्रीक शिकायचा तिटकारा होता, हे त्यानेच कबूल केलंय. तरी एवढ्यावरून त्याला मोडीत काढणं अन्यायाचं होईल. त्याच्या पेचाला खरा जड भाग आहे, आणि सर्वांच्या तारणाच्या बाजूच्या माणसाला मत्तयाच्या त्या वाक्याजवळ आजही घाम फुटतो.

पुढचं राजकारण थोडक्यात. सम्राट जस्टिनियनने ५४३ मध्ये ओरिगेनविरुद्ध फर्मान काढलं, ५५३ च्या परिषदेच्या नावावर ओरिगेनी मतांविरुद्धचे पंधरा शाप नोंदले गेले. ते परिषदेने खरोखर मंजूर केले की आधीच उरकून घेतले, यावर आजही एकमत नाही. शिवाय त्यांचा रोख आत्मे देहाआधीपासून होते या कल्पनेवर आणि तिला चिकटलेल्या तारणावर आहे. ग्रेगरीचं नावही त्यांत नाही. व्हायचं ते झालं. शतकानुशतकं लोकांना वाटत राहिलं की हा विषय बंद झाला.

साम्राज्याबाहेर तो बंद झाला नव्हता. सातव्या शतकात आजच्या कतारच्या बाजूला जन्मलेला इसहाक हा पूर्वेच्या सिरियाई चर्चचा संन्यासी. त्याला निनवेचा, म्हणजे आजच्या मोसुलशेजारचा, बिशप केलं. पाचच महिन्यांत ते पद सोडून तो डोंगरात निघून गेला. त्याच्या लेखनाचा पहिला भाग जगभर वाचला गेला. दुसऱ्या भागाची एक प्रत पहिल्या महायुद्धात हरवली आणि तो भाग गेलाच असं मानलं जाऊ लागलं. १९८३ मध्ये ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात सेबॅस्टियन ब्रॉक या अभ्यासकाला तो अख्खा सापडला. त्यात गेहेन्नावर सलग प्रकरणं आहेत. देव सूड उगवतो असं म्हणणं म्हणजे देवाची निंदा, असं इसहाक लिहितो. गेहेन्नातूनही देव काहीतरी अद्भुत घडवणार आहे, कारण टाकून द्यायला म्हणून त्याने काहीच निर्माण केलेलं नाही. याच पूर्वेच्या चर्चचा एक बिशप इसहाकाच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी आपल्या किनाऱ्यावर होता. ५५० च्या सुमाराला लिहिणारा कॉस्मस हा व्यापारी ‘कल्लियाना’ इथे इराणातून नेमलेला बिशप असल्याची नोंद करतो, आणि अनेक अभ्यासकांच्या मते हे ठाण्याशेजारचं कल्याण. तिथे नरकाबद्दल काय शिकवत असतील कोण जाणे! इसहाकाची कथा मात्र पुढे सरकली. नोव्हेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याचं नाव रोमन संतांच्या अधिकृत यादीत घातलं.

एकोणिसाव्या शतकात हा वाद हिंदुस्थानातही रंगला. झाशीजवळ जन्मलेले, काशीत शास्त्र शिकलेले कोकणस्थ पंडित नीलकंठशास्त्री गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नहेम्या गोरे म्हणून ओळखले जाऊ लागले. दयाळू देव अनंत शिक्षा कशी देईल, हा ब्राह्मो समाजाच्या मंडळींचा आवडता आक्षेप. त्याला गोऱ्यांनी इंग्रजीत पुस्तिका लिहून उत्तर दिलं, आणि बाजू घेतली ती शिक्षेची. त्याच सुमाराला स्कॉटलंडचा जॉर्ज मॅक्डॉनल्ड, ज्याचं प्रवचनपीठ अशाच उदार मतांपायी १८५३ मध्ये सुटलं होतं, परीकथा लिहून पोट भरत होता. पुढे सी. एस. लुइसने नरकातून स्वर्गाच्या सहलीची कादंबरी लिहिली तेव्हा वाटाड्या म्हणून याच मॅक्डॉनल्डला घेतलं, आणि त्याच्या तोंडून सगळे तरतीलच असं म्हणता येत नाही, हे वदवून घेतलं. मेलेल्या लेखकावर असा डाव साधू नये खरं तर. पण लुइसचा मुद्दा हलका नाही: कुणाला यायचंच नसेल तर देवाने त्याला फरफटत न्यायचं का? डेव्हिड बेंटली हार्ट यांनी २०१९ च्या पुस्तकात त्यावर उलट विचारलं की, पूर्ण शुद्धीवर असलेला माणूस कायमचं दुःख निवडेलच का? आणि शुद्धीवर नसेल, तर त्या निवडीला स्वतंत्र म्हणायचं कसं?

माझं मत विचाराल तर, बायबल सर्वांच्या तारणाचा सिद्धान्त सांगत नाही, आशा सांगतं. आणि ती कुठल्या कोपऱ्यात लपून नाही, भर पानात आहे. ‘बायबल स्पष्टच म्हणतं’ असं दोन्हीकडच्या कुणी म्हटलं की त्याने बायबलची अर्धी पानं चिकटवून ठेवलीत असं समजावं. कॅथलिक चर्चने हा ताण तसाच ठेवला आहे. त्याची अधिकृत धर्मशिकवण नरक अनंत आहे असं सांगते आणि थोडं पुढे गेल्यावर कुणीही हरवू नये अशी चर्चची प्रार्थना असल्याचंही सांगते. संत म्हणून हजारो नावं जाहीर झाली. अमुक माणूस नरकात आहे, असं एकाही नावाबद्दल चर्चने आजवर जाहीर केलेलं नाही, यहूदा इस्कर्योताबद्दलही नाही.

१३ जुलै १९१७ ला पोर्तुगालमधल्या फातिमा इथे तीन गुराखी मुलांना मरियेने नरक दाखवला, असं त्यांतल्या लुसियाने पुढे लिहून ठेवलं. आगीचा समुद्र, त्यात ठिणग्यांसारखे वरखाली होणारे जीव. ते वर्णन वाचून कुणाचीही झोप उडावी. आणि त्याच दिवशी, त्याच मुलांना, रोजरीत घालायची एक छोटी प्रार्थना शिकवली गेली. वसईच्या गावांत, गोव्यात, मुंबईच्या जुन्या गावठाणांत संध्याकाळी घरोघरी रोजरी होते, तेव्हा दर दहा मण्यांनंतर ती म्हणतात. स्वयंपाकघरातून आजी म्हणते, अभ्यास अर्धवट टाकून आलेली मुलं घाईघाईत म्हणतात. आधी आपल्याला नरकाच्या आगीपासून राख अशी विनवणी आहे. मग सगळ्या आत्म्यांना स्वर्गात ने, असं मागणं आहे, आणि ज्यांना दयेची सर्वांत जास्त गरज आहे त्यांची खास शिफारस. ओरिगेनचं नाव त्यांतल्या फारसं कुणी ऐकलेलं नसेल, पण मागतात ते त्याने मागितलं होतं तेच.